जुन्या धाब्याचे अंजन: ओळखावे कसे, वापरावे कुठे

खानदेशात जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरे उतरवण्याचे काम आता जवळपास प्रत्येक गावात कधी ना कधी दिसते. वरची पांढरी माती खाली ओढली जाते, तुळया आणि कड्या अंगणात रचल्या जातात, सागाचे तेवढे निवडून व्यापारी ताबडतोब भाव करतो आणि उरलेला काळपट, वाकडातिकडा, उचलायला चार माणसे लागणारा ढीग जळाऊ म्हणून वजनावर जातो. या ढिगात बऱ्याचदा अंजन नावाच्या झाडाचे लाकूड असते. पटाशीची धार जाते म्हणून सुतार त्याला हात लावायला नाखूश असतो, आणि मालकाच्या मनात नव्या स्लॅबचा हिशेब चाललेला असल्यामुळे त्याचेही तिकडे लक्ष नसते. आणखी दोन पिढ्या सहज काम देईल असे लाकूड अशा रीतीने चुलीत जाते. हे लाकूड ओळखावे कसे, घेताना काय पाहावे, कापावे आणि बसवावे कसे, याची माहिती पुढे दिली आहे. मात्र एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. अंजन हे सरसकट वापरण्याचे लाकूड नाही. भार, माती, पाणी किंवा घर्षण यांपैकी काही ना काही जिथे सतत लाकडाच्या अंगावर येत असते तिथेच ते लावावे; दार, कपाट किंवा पलंग यांसाठी ते फुकट मिळाले तरी महागच पडते.

झाड आणि त्याच्या लाकडाचा स्वभाव

अंजनाचे शास्त्रीय नाव हार्डविकिया बिनाटा असे आहे. पान दोन दलांचे असून ती दले आपट्याच्या पानाप्रमाणे जोडीने असतात, त्यामुळे झाड पानावरून सहज कळते. सह्याद्रीत जांभळट निळ्या फुलांनी बहरणारी अंजनी हे वेगळ्या कुळातील लहान झाड आहे. तिचेही लाकूड कठीण असते, पण येथे तिचा विचार केलेला नाही. सातपुड्याच्या उतारांवर, जिथे काळ्या खडकावर वीतभरसुद्धा माती नाही अशा ठिकाणी, अंजन तग धरून उभे राहते, कारण रोपटे सुरुवातीची ताकद वर वाढण्यात न घालवता खोल सोटमूळ सोडण्यात घालवते आणि ते मूळ खडकाच्या भेगांतून ओलाव्यापर्यंत पोहोचते. या संथ वाढीमुळेच लाकूड घट्ट भरते.

झाडाचा पाला गुरे आवडीने खातात आणि आतल्या सालीच्या तंतूंपासून पूर्वी दोर वळत असत. पाल्यासाठी आणि सालीसाठी वर्षानुवर्षे छाटलेल्या झाडाचे खोड आखूड, गाठाळ आणि पुष्कळदा आतून पोकळ निघते. सरळ आणि लांब अंजन आज दुर्मिळ झाले आहे ते याच कारणाने, आणि म्हणूनच जुन्या घरांतील सरळ तुळईचे मोल अधिक आहे.

खोडाचा आडवा छेद पाहिला तर कडेला फिकट, पांढुरका थर आणि आत गडद गाभा असे दोन भाग स्पष्ट दिसतात. गाभा ताजा कापल्यावर तांबूस तपकिरी असून त्यात जांभळट काळ्या छटा असतात, आणि उघड्यावर राहिल्यावर तो अधिकच काळवंडतो. या गाभ्यात गडद रंगाचा राळेसारखा चिकट द्रव मुरलेला असतो. वाळवी आणि बुरशी अंजनाला टाळतात असे जे म्हटले जाते ते केवळ गाभ्यापुरतेच खरे आहे. पांढरा थर मात्र इतर कोणत्याही लाकडाच्या पांढऱ्या थराइतकाच किडीला बळी पडतो. अंजन घेऊनही खांब कुजला अशी तक्रार ऐकू आली, तर बहुतेक वेळा पांढरा थर तासून काढलेला नसतो.

वजनाचा हिशेब कागदावर करून ठेवणे फायद्याचे आहे. एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे २८.३ किलो भरते. वाळलेल्या सागाचा एक घनफूट साधारण १८ ते १९ किलोचा, बाभळीचा २२ ते २३ किलोच्या आसपासचा आणि अंजनाच्या गाभ्याचा ३० किलोच्या घरातला असतो. अंजन पाण्यात बुडते ते यामुळे. सहा इंच गुणिले सहा इंच जाडीचा आठ फुटी खांब दोन घनफुटांचा होतो, म्हणजे सागाचा असेल तर ३७ किलोंच्या आसपास आणि अंजनाचा असेल तर ६० किलोंच्या वर. उचलायला किती माणसे लागतील, भिंत किती भार सोसेल आणि टेम्पोत किती माल बसेल, हे सगळे या एका आकड्यावरून ठरवता येते.

ढिगातून अंजन निवडणे

जुने लाकूड धुराने, धुळीने आणि तेलाने एकसारखे काळे झालेले असते, त्यामुळे वरच्या रंगावर विसंबून काही ठरवू नये. प्रत्येक तुकड्याच्या एका कोपऱ्यावर वाकसाने किंवा रंध्याने बोटभर जागा ताजी उघडी करावी आणि तिथला रंग पाहावा. सागाचा सोनेरी पिवळसर रंग आणि ओळखीचा वास लगेच कळतो. शिसवाचा गाभा जांभळट असतो, त्यामुळे त्याची अंजनाशी गल्लत होऊ शकते. परंतु शिसवाला कापताना मंद सुगंध येतो आणि वजन अंजनापेक्षा बरेच कमी लागते. सादडा, म्हणजे ऐन, तपकिरी असून त्यावर गडद पट्टे असतात. खैर मात्र खरोखर फसवतो, कारण तोही तांबडा, जड आणि वाळवीला दाद न देणारा असतो. त्याच्या छिद्रांत कधीकधी काताचे पांढरट कण दिसतात, ते भिंगातून पाहावेत.

गाभ्याचा न भेगाळलेला, बोटाएवढा कोरडा तुकडा पाण्याच्या बादलीत टाकणे ही सर्वांत सोपी चाचणी आहे. तो बुडाला नाही तर ते अंजन नाही असे समजण्यास हरकत नाही. बुडाला म्हणजे मात्र अंजनच असे ठरत नाही, कारण जड खैरही बुडू शकतो आणि पावसात भिजलेले कोणतेही लाकूड जड होते. म्हणून रंग, वजन आणि आवाज अशा तिन्ही खुणा जुळल्या तरच निर्णय घ्यावा. आवाजासाठी तुळई दोन दगडांवर टेकवून मधोमध हातोड्याने ठोकावी. निरोगी अंजन खणखणीत वाजते, तर आतून पोखरलेले किंवा कुजलेले लाकूड बद्द आवाज देते. ही परीक्षा लाकडाची जात आणि प्रकृती या दोन्हींसाठी उपयोगी पडते, आणि अनुभवी सुतार बोलण्याआधी हातोडाच मारतो.

घेताना पाहावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट भावाची. जुना माल कुठे घनफुटावर तर कुठे किलोवर विकला जातो. किलोवर भाव असेल तर अंजन घनफुटाच्या हिशेबाने सागाच्या दीडपटीहून अधिक वजन भरते, हे लक्षात ठेवून प्रति घनफूट काय पडते ते आधी काढावे. त्याच वेळी पावसाळ्यात भिजलेला माल वजनावर घेणे म्हणजे पाण्याचे पैसे मोजणे होय. शक्य असल्यास घरमालकाकडूनच, घर उतरवले जात असतानाच खरेदी करावी. तेव्हा कोणता तुकडा तुळईचा, कोणता कडीचा आणि कोणता खांबाचा हे डोळ्यांनी दिसते.

दुसरी गोष्ट टोकांची. तुळईची दोन्ही टोके भिंतीत बसवलेली असतात, तिथे पावसाची ओल मुरते आणि हवा खेळत नाही, त्यामुळे मधला भाग लोखंडासारखा टणक असला तरी टोकाचा हातभर भाग मऊ झालेला असू शकतो. जाड टोच्याने टोकांना आणि खालच्या बाजूला जोराने टोचून पाहावे. टोच्या सहज आत शिरला तर तेवढा भाग कापून टाकण्याच्या हिशेबानेच लांबी धरावी. खांबाच्या बाबतीत तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, टेकणारा भाग असाच तपासावा. दगडाचा तळखडा जमिनीपासून चांगला उंच होता अशा घरांतले खांब बहुधा तळापर्यंत निर्दोष निघतात, आणि ज्या घरात नंतर फरशी वाढवून तळखडा गाडला गेला तिथले तळाशी खराब निघतात.

तिसरी गोष्ट भेगांची, आणि हिच्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. अंजन वाळताना भेगाळतेच. पृष्ठभागावरील बारीक, लांबीच्या दिशेने गेलेल्या भेगा पाहून तुळई नाकारण्याचे कारण नाही. तुळई भार घेते तेव्हा तिच्या उंचीच्या मध्यावर, विशेषतः दोन्ही आधारांजवळ, लाकडाचे वरचे आणि खालचे अंग एकमेकांवरून सरकू पाहतात. त्या जागी आरपार जाणारी आडवी भेग असेल तर एका जाड तुळईच्या दोन पातळ तुळया झाल्यासारखे होते आणि ताकद फार घटते. अशी भेग आढळल्यास तुळई एक चतुर्थांश फिरवून भेग उभी येईल अशी बसवावी, किंवा ती तुळई भाराच्या कामासाठी न घेता तिचे खांब व ठोकळे करावेत. खांबाला उभ्या दाबाचा भार येत असल्यामुळे सरळ उभ्या भेगेने त्याचे फारसे बिघडत नाही. तिरपी, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाणारी भेग मात्र दोन्ही ठिकाणी धोक्याची आहे.

कायद्याची बाजूही येथेच सांगितली पाहिजे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत सागाबरोबर अंजनाचाही समावेश आहे, त्यामुळे आपल्या मालकीच्या शेताच्या बांधावरील अंजनसुद्धा वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि लाकूड हलवण्यासाठी वाहतूक परवान्याचा प्रश्न येतो. जुन्या घराचे लाकूड नेतानाही नाक्यावर विचारणा होऊ शकते. घर उतरवण्यापूर्वीची छायाचित्रे, मालकाचा सहीचा विक्री कागद आणि तुकड्यांच्या मापांची यादी तयार ठेवावी, आणि गाडी भरण्याआधी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कोणते कागद लागतील ते विचारून घ्यावे. सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत ही काळजी विशेष घ्यावी. कोणी रात्री ताजे अंजन स्वस्तात आणून देतो म्हणाला, तर ते कुठून येते हे उघडच आहे आणि त्याला नकारच द्यावा.

कापणे, भोके पाडणे, जोडणे

जुन्या लाकडाला करवत लावण्याआधी त्यातील खिळे, कड्या आणि तुटलेल्या मेखा शोधून काढाव्यात. जोरदार लोहचुंबक दोऱ्याला बांधून पृष्ठभागावरून हळूहळू फिरवला तर वरवरचे लोखंड सापडते. काळपट निळे डाग दिसतात तिथे आत गंजलेला खिळा असण्याची शक्यता धरावी. गाळ आणि वाळूचे कण भेगांत अडकलेले असतात व धार घालवण्यात त्यांचाही मोठा वाटा असतो, म्हणून तारेच्या ब्रशने लाकूड झाडून घ्यावे.

पूर्ण वाळलेले अंजन हाताच्या करवतीने कापणे शक्य असले तरी त्यात दिवस जातो. आरा मशीनवर किंवा कार्बाइडच्या दातांच्या पात्याने, घाई न करता, कमी दाबाने कापावे. राळेमुळे भुसा पात्याला चिकटतो, पाते तापते आणि लाकूड जळाल्याचा वास येऊ लागतो; तसे झाले की थांबून पाते टर्पेंटाइनने पुसावे. तंतू एकमेकांत गुंतलेले, आळीपाळीने उलटसुलट दिशेने गेलेले असल्यामुळे रंधा मारताना एका पट्ट्यात पृष्ठभाग गुळगुळीत येतो आणि शेजारच्याच पट्ट्यात कपरे निघतात. रंध्याचे पाते अतिशय धारदार आणि अगदी थोडे बाहेर ठेवावे, आणि शेवटचा हात पोलादी पट्टीच्या धारेने खरवडून घ्यावा. बारीक भुसा नाकात आणि डोळ्यांत जाऊ नये म्हणून मास्क व चष्मा वापरावा.

खिळा थेट ठोकल्यास तो तरी वाकतो किंवा लाकूड तरी फुटते. खिळ्याच्या जाडीपेक्षा किंचित लहान भोक आधी पाडावे. स्क्रूसाठी भोक पाडून स्क्रूला साबण किंवा मेण लावावे, अन्यथा डोके तुटून दांडा आत राहतो आणि तो काढणे हे वेगळेच काम होऊन बसते. ड्रिल हळू वेगाने चालवावे आणि दर अर्ध्या इंचाला बाहेर काढून भुसा झाडावा. मोठ्या जोडांसाठी आरपार बोल्ट आणि रुंद वायसर हाच उत्तम उपाय आहे.

डिंकाच्या भरवशावर अंजनाचा जोड सोडू नये. तेलकट गाभ्यावर नेहमीचा पांढरा फर्निचर डिंक नीट धरत नाही. लावायचाच असेल तर जोडाचा पृष्ठभाग ताजा खरवडून, थिनरने पुसून, तो उडून जाताच लगेच जोडावा. खरा आधार कुसू (भोकात बसणारे कोरलेले टोक) आणि भोक यांचा आणि आरपार मारलेल्या खुंटीचाच घ्यावा. जुन्या धाब्यांत तुळई आणि खांब यांचे जोड खुंट्यांवरच उभे असत, आणि ते उतरवताना किती त्रास होतो हे उतरवणाऱ्यांना विचारावे.

ओले लाकूड हाती आले तर

परवानगीने तोडलेले किंवा वादळात पडलेले ताजे अंजन मिळाले तर क्रम बरोबर उलटा होतो. ओलेपणी ते तुलनेने सहज कापले जाते, म्हणून ओंडका पडून राहू न देता लागणाऱ्या मापापेक्षा थोड्या जाड मापात लगेच फाडून घ्यावा. दोन्ही टोकांना त्याच दिवशी मेण, डांबर किंवा जाड तैलरंग लावावा, कारण टोकांतून पाणी सर्वांत वेगाने उडते आणि तिथूनच चिरा सुरू होतात. पूर्वी यासाठी शेणमातीचा लेप देत असत व तोही काही प्रमाणात उपयोगी पडतो.

खानदेशाच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कोरडे वारे वाहतात, तेव्हा उघड्यावर ठेवलेले अंजन फाटल्यावाचून राहत नाही. वाळवण्याची सुरुवात पावसाळा संपताच, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास करावी. छपराखाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर, प्रत्येक थरामध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून रचावे आणि पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत येतील याकडे लक्ष द्यावे, नाहीतर फळ्या वाकतात. वर जड दगड ठेवावेत. पहिल्या चैत्र-वैशाखात ढिगाच्या बाजूंना गोणपाट लावून गरम वारा अडवावा. दर इंच जाडीला वर्षभर हा जुना अंदाज अंजनासाठी कमीच पडतो, तेव्हा जाड तुकड्यांबाबत संयम ठेवणे भाग आहे.

कुठे लावावे

गोठ्याचे खांब, फाटकाचे खांब आणि कुंपणाचे कोपऱ्याचे खुंट ही अंजनाची पहिली जागा. दाराचा उंबरठा ही दुसरी. रोजच्या पायांखाली साग झिजतो, अंजन झिजत नाही. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, वखराचे खोड, मुसळ, मोगरी, गुरांचे खुंटे अशी जुनी कामे आजही आहेत, जरी गाड्या कमी झाल्या असल्या तरी. लाकडी घाण्याचे तेल पुन्हा मागणीत आल्यामुळे घाण्याची लाट आणि इतर घासणारे भाग यांसाठी जाड अंजनाला आता वेगळेच गिऱ्हाईक निर्माण झाले आहे. अशा कामासाठी खिळ्यांची भोके नसलेला, पूर्ण गाभ्याचा तुकडाच घ्यावा. अंगणातील बाक किंवा विहिरीवरचा ओटा यांसाठीही ते चांगले, कारण तिथे वजन अडचणीचे न ठरता उलट उपयोगी पडते.

कुऱ्हाडीचा किंवा कुदळीचा दांडा मात्र अंजनाचा करू नये. दांड्याला लवचिकपणा आणि हातात हलकेपणा लागतो, त्यासाठी धावडा किंवा तिवस हेच योग्य. विटामातीच्या जुन्या भिंतीवर सागाच्या जागी अंजनाच्या तुळया चढवण्याचा विचार असल्यास भिंत आधी तपासून घ्यावी.

खांब गाडण्याची रीत

खांबाचा पांढरा थर, निदान जमिनीत जाणाऱ्या आणि जमिनीवरच्या हातभर भागावरून, पूर्ण तासून काढावा. खड्ड्याच्या तळाशी वीतभर खडी घालावी, म्हणजे पाणी खांबाच्या बुडाशी साचणार नाही. काळ्या मातीच्या शेतात ही खडी अनिवार्य समजावी, कारण ती माती पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून खांब सैल करते. अशा ठिकाणी खड्डा रुंद घेऊन खांबाभोवती मुरूम ठासून भरावा. काँक्रीट करायचे असेल तर बूड काँक्रीटच्या पेल्यात बंद करू नये. खाली खडी उघडी ठेवून फक्त बाजूंनी काँक्रीट करावे आणि त्याचा माथा खांबापासून बाहेर उतरता ठेवावा. खांबाचे वरचे टोक तिरपे कापावे किंवा त्यावर पत्र्याची टोपी बसवावी.

उघड्यावरच्या भागाला जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात दिल्यावर अर्ध्या तासाने न मुरलेले तेल पुसून घ्यावे, कारण जाड थर चिकट राहतो आणि धूळ धरतो. पुसण्याच्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. त्या दोरीवर पसरून पूर्ण वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

लाकूड सर्वांत आधी कुजते ते जमिनीच्या पातळीला आणि तिच्या खाली चारसहा इंचांत, कारण तिथेच ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात. म्हणून दरवर्षी पावसाळा सरल्यावर खांबाभोवतीची वीतभर माती बाजूला करून टोच्याने चारही बाजूंनी टोचून पाहावे. टोच्या नखाएवढा शिरला तर मऊ भाग खरवडून, जागा चार दिवस उघडी ठेवून वाळू द्यावी आणि मग मुरूम भरावा. तो इंचभर किंवा अधिक शिरू लागला तर खांब उपसून, खराब बूड कापून, उरलेली लांबी पुरत असल्यास उलटा करून पुन्हा गाडावा.